रात्रीची गाडी आणि कोपी

दसरा झाला की आमच्या जालना जिल्ह्यात रस्त्याच्या कडेला ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहायला लागतात. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या बाजूला तर जरा जास्तच. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पिठाचं पोतं, चूल, कोंबड्या, एखादी शेळी, त्यावर म्हाताऱ्या आणि लेकरं. दिवाळीपर्यंत कितीतरी तांडे आणि वाड्या निम्म्याने रिकाम्या होतात. ऊसतोडीला निघालेली ही माणसं. आपण सगळ्यांनी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता त्याच्याकडे लक्षही जात नाही.

ऊसतोडीवर लिहिलं गेलंय भरपूर. उचल, कर्ज, शाळा सुटलेली पोरं, दुष्काळ. पण मला बरेच दिवस एक वेगळाच प्रश्न सतावत होता, तो साधा होता. ही माणसं रात्री काय करतात? म्हणजे राहतात कुठे, झोपतात कधी, आणि या दोन गोष्टी कोण ठरवतं? कारखान्यात रात्रपाळी असते हे ठाऊक होतं. फडात रात्रपाळी असते का?

आमच्या भागातल्या एका मुकादमांना मी हे विचारलं. वीसेक वर्षं टोळी घेऊन जाणारा माणूस. ते हसले. "पाळी कशाची आलीय सर? गाडी आली की दिवस, गाडी भरून गेली की रात. रातच्या दोनला आली तर दोनला उठायचं." मग जरा थांबून म्हणाले, "उठवायचं काम आपलं. शिव्या पण आपल्यालाच."

या "उठवायच्या कामा"चा इतिहास शोधत गेलो, तेव्हा जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

आधी मुकादम या शब्दाबद्दल, कारण तो भारी आहे. मूळ अरबी, अर्थ "पुढे ठेवलेला". बहामनी-निजामशाहीच्या काळातल्या कागदांत "मोकदम" येतो तो गावाचा पाटील म्हणून. सरकारपुढे गावाच्या वतीने उभा राहणारा मानाचा माणूस. पुढे मुंबईच्या कापड गिरण्यांत हाच शब्द जॉबरला लागला. हा जॉबर गावाकडून माणसं आणायचा, त्यांना खात्यात लावायचा, उसने पैसे द्यायचा, राहायला गाळा बघून द्यायचा, आणि या सगळ्याचा मोबदला त्यांच्याकडूनच वसूल करायचा. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात (व्हिटली कमिशन) या जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या, असं स्पष्ट सुचवलं होतं. गिरण्यांतून जॉबरचं वजन पुढे हळूहळू कमी झालं. उसाच्या फडात मात्र मुकादम नव्याने उभा राहिला. का राहिला, तिथेच आपला रात्रीचा प्रश्न दडलेला आहे.

१९२० च्या आसपास तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात बेलापूर कंपनीचा कारखाना हरिगावला उभा राहिला. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांना हक्काचं पाणी आलं. १९३२ मध्ये सरकारने साखरेला जकातीचं संरक्षण दिलं आणि वालचंदनगर, माळीनगर असे खाजगी कारखाने निघाले. या कारखान्यांकडे स्वतःची मोठी शेती होती, म्हणजे ऊस त्यांचाच आणि मजूरही बरेचसे त्यांच्याच वस्तीतले.

मग आलं सहकाराचं युग. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप झालं. हे यश आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण त्यातून एक नवीन अडचण तयार झाली, ती शिकवलेली नसते. आता ऊस एका कंपनीच्या शेतात नव्हता, हजारो सभासदांच्या दोन-दोन, पाच-पाच एकरांत पसरलेला होता. प्रत्येकाने आपापल्या सवडीने तोडून आणला, तर कारखान्यापुढे एक दिवस गाड्यांची जत्रा भरणार आणि दुसऱ्या दिवशी गव्हाण रिकामी राहणार. (गव्हाण म्हणजे जिथे ऊस टाकला जातो ती जागा. गोठ्यातला शब्द यंत्राला लागलाय.) आणि साखर कारखान्याची गव्हाण रिकामी राहून चालत नाही. बॉयलर एकदा पेटला की हंगामभर तो पेटता ठेवावा लागतो. थांबवला तर पुन्हा वाफ धरेपर्यंत इंधन वाया, रस वाया. दुसरीकडे, तोडलेला ऊसही थांबत नाही. तोडल्या क्षणापासून त्यातली साखर उतरायला लागते, म्हणून चोवीस तासांच्या आत गाळप झालेलं बरं.

म्हणजे एका टोकाला न झोपणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला नासणारं पीक. मधलं जे काही आहे, तोडणी, भरणी, वाहतूक, ते सगळं यंत्राच्या घड्याळाला जुळवायचं. म्हणून सहकारी कारखान्यांनी तोडणी शेतकऱ्याकडून आपल्या ताब्यात घेतली. कुणाचा ऊस कधी तुटणार ते कारखाना ठरवणार, टोळ्या कारखाना लावणार.

आता गंमत बघा. बागायती पट्ट्यात मजूर नव्हते का? होते की! गावोगाव भूमिहीन माणसं होती. मग बीड, जालना, नगरच्या दुष्काळी तालुक्यांतून शेकडो किलोमीटरवरून जोडपी का आणायची? स्वस्त पडतात हे एक उत्तर झालंच. पण दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्थानिक मजूर संध्याकाळी घरी जातो. त्याला रात्री दोन वाजता कोण उठवणार? त्याच्या घरी सण असतो, लग्न असतं, आजारी आई असते. बाहेरून आणलेलं जोडपं मात्र फडाजवळच्या तळावर झोपलेलं असतं. त्याला जायला दुसरी जागाच नसते. तळ हे मजुराच्या राहण्याचं ठिकाण आहे, असं आपण समजतो. प्रत्यक्षात कारखान्याची रात्रपाळी त्या तळावर उभी आहे. राहण्याची सोय आणि रात्रीचं काम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. यावर मी जितका विचार केला तितकं ते पटत गेलं.

मराठवाड्याकडे वळू. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात, मग हैदराबाद राज्यात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. कोरडवाहू ज्वारी, कापूस, आणि दिवाळीनंतर हाताला काम नाही. इथून पश्चिमेकडे माणसं आधीही जात असत, पण १९७२ च्या दुष्काळाने त्या पायवाटेचा हमरस्ता केला. दुष्काळात खडी फोडायला लागलेल्या कुटुंबांना हंगामाची आगाऊ रक्कम देणारा मुकादम म्हणजे देवच वाटला असणार. कोयता म्हणजे हत्यार, पण हिशोबात "एक कोयता" म्हणजे नवरा-बायको मिळून एक माणूस, ही भाषाही याच व्यवहारातली. (एकटा पुरुष आला तर "अर्धा कोयता". बाई एकटी आली तरी अर्धाच.)

आणि मग १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी झालं. डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूरमधून परभणीकडे गेला आणि आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिण पट्ट्यात ऊस उभा राहिला. अंकुशनगरचा समर्थ कारखाना त्यातूनच आला, तीर्थपुरीला त्याचं दुसरं युनिट झालं. आता परिस्थिती अशी, की एकाच तालुक्यात कालव्याखालच्या गावात बाहेरची टोळी येऊन उतरते, आणि वरच्या माळावरच्या तांड्याची टोळी त्याच आठवड्यात सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकात निघालेली असते. जवळचं काम सोडून लांब का जाता, असं मी त्या मुकादमांना विचारलं. उचल कुठे जास्त मिळाली त्यावर ठरतं, हे त्यांचं पहिलं उत्तर. दुसरं जरा हळू आवाजात आलं : "जवळ असलं की पोरं रातची घरी पळतेत."

झालं! पन्नास वर्षांपूर्वी बागायतदारांनी स्थानिक मजुराबद्दल जो हिशोब केला, तोच आमचे मुकादम आपल्याच भावकीबद्दल करतात.

आता या मुकादमाची जागा नीट बघितली पाहिजे. वरून बघितलं तर तो ठेकेदार. पण कागद तपासले तर तो कुणीच नाही. कारखान्याचा करार होतो तो तोडणी-वाहतूक संस्थेमार्फत, वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरवाल्याशी. ठेकेदार उचल देतो मुकादमाला, मुकादम वाटतो कोयत्यांना. हल्ली एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते, म्हणजे दहा-बारा कोयत्यांच्या टोळीची जोखीम मुकादमाच्या डोक्यावर. एखादं जोडपं उचल घेऊन दुसऱ्याच कारखान्याला गेलं, तर ठेकेदार मुकादमाच्या दारात. ठेकेदाराने हिशोब बुडवला, तर मजूर मुकादमाच्या दारात. यात मुकादमाला डांबून ठेवल्याच्या बातम्या येतात, तशा मुकादमाने मजुराला डांबल्याच्याही येतात. मी त्याला साधुसंत ठरवत नाहीये. मजुराच्या आजारपणाच्या दिवसाचा "खाडा" म्हणून पैसे कापणारा तोच असतो. पण अरबी शब्द किती बरोबर आहे बघा, पुढे ठेवलेला माणूस. मागचे सगळे त्याच्या आडोशाला.

त्याला मिळतं काय, तर मजुरीवर कमिशन. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, टनाचा दर पावणेतीनशेच्या आसपास होता तो साडेतीनशेच्या वर गेला, आणि मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. लवादाच्या आधी संप, संपाच्या आधी कोयता बंद, हा शिरस्ता गोपीनाथ मुंडेंच्या काळापासूनचा. मी या वाटाघाटींबद्दल जेवढं वाचलं, त्यात भांडण नेहमी टनाच्या दरावर आणि कमिशनवर. रात्रीच्या भरणीला वेगळा दर असावा का, कोपीचा खर्च कुणाचा, हे पुढे येताना दिसत नाही. टनाच्या हिशोबात रात्र मोजताच येत नाही ना. दुपारी भरलेला टन आणि रात्री दोनला भरलेला टन, काट्यावर दोन्ही सारखेच.

दिवस कसा जातो ते सांगतो, म्हणजे रात्र कळेल. पहाटे चार-पाचला बाई उठून भाकरी करते. उजाडायच्या आत फडात. पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते. एक जोडपं दिवसाकाठी दीड-दोन टन तोडतं. मग गाडीची वाट. डोकी सेंटर असेल तर मोळ्या डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढून भरायच्या. बायासुद्धा चढतात. दव पडलेलं असतं, फळी निसरडी. उजेड ट्रकच्या दिव्याचा, हल्ली मोबाईलच्या बॅटरीचा. ट्रक कधी येणार हे ट्रकवाल्यालाही माहीत नसतं, कारण तो कारखान्याच्या आवारात शंभर गाड्यांच्या मागे उभा असतो. कारखान्यातली गर्दी अशी उलटी सरकत सरकत फडातल्या झोपेपर्यंत येते. काट्यावर चार तास उशीर झाला, की चाळीस किलोमीटरवर कुणीतरी चार तास उशिरा उठतं, आणि पहाटेची भाकरी मात्र वेळेवरच करायची असते.

इथे एक कायदा आठवतो. कारखान्यात बायकांना रात्री कामाला लावू नये, हा नियम आपल्याकडे १८९१ च्या फॅक्टरी कायद्यापासून. १९४८ च्या कायद्यात तर स्पष्टच होतं, सकाळी सहा ते संध्याकाळी सात, त्याबाहेर स्त्री कामगार नको. (अलीकडे संमतीच्या अटीवर ते सैल झालं, तो वेगळा विषय.) म्हणजे इतकी वर्षं साखर कारखान्याच्या गेटच्या आत बाईला रात्री काम देणं गुन्हा होता, आणि त्याच कारखान्याची गव्हाण भरण्यासाठी गेटच्या बाहेर रात्री दोनला फळीवर चढणारी बाई कायद्याला दिसतच नव्हती. कारण शेत म्हणजे कारखाना नाही. आणि ती कारखान्याची कामगारही नाही.

आता कोपी. बांबूच्या कमानी, त्यावर चटया किंवा पाचट, आत माणूस मधोमधच काय तो ताठ उभा राहणार. अनेक कारखाने बांबू आणि चटया देत, काही अजून देतात. हल्ली प्लास्टिकचा कागद आलाय. उभारायची मजुरानेच, पट्टा पडला (म्हणजे हंगाम संपला) की मोडायचीही त्यानेच. फड बदलला, तर कधी कधी मध्येच मोडून पुन्हा उभारायची. न्हाणीघर नाही, संडास नाही. बाईने अंधारात आंघोळ उरकायची, आणि अंधारातली वेळ तर गाडी भरण्यात गेलेली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या सगळ्या चर्चेत डॉक्टरांवर बोट गेलं, ते जायलाच हवं होतं. पण पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही, झोप नाही आणि खाडा परवडत नाही, ही त्याची बैठक आहे.

राहण्याच्या सोयीचा कायदा मात्र होता, आणि तो वाचून मी थक्क झालो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. त्याखाली केंद्राने १९८० मध्ये जे नियम केले, त्यांत ठेकेदाराने कुटुंबासह आलेल्या मजुराला काय द्यावं हे लिहिलेलं होतं : निदान १० चौरस मीटरची खोली, व्हरांडा, स्वयंपाकाला वेगळी झाकलेली जागा, आणि तीन बिऱ्हाडांमागे एक संडास, एक न्हाणीघर. ठेकेदाराने दिलं नाही तर मूळ मालकाने द्यायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. व्हरांडा! कोपीत राहिलेल्या माणसाला हा शब्द वाचून दाखवावासा वाटतो.

पण कायदा आंतरराज्य. म्हणजे मंठ्याची टोळी कर्नाटकात गेली तर तिला व्हरांड्याचा हक्क, आणि तीच टोळी पुढच्या वर्षी सांगलीला गेली तर नाही, कारण तिने राज्याची हद्द ओलांडलेली नाही. अंतर जवळपास तेच, कोपी तीच, रात्रही तीच. अर्थात कर्नाटकात गेलेल्यांनाही व्हरांडा मिळाल्याचं मी कुणाकडून ऐकलं नाही, तेव्हा हा फरक कागदावरचाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत विसर्जित झाला.

दुसरीकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांचा. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. त्याने काय केलं, तर बाजारातल्या हमालांच्या टोळीच्या मुकादमाची जागा एका मंडळाला दिली. मजूर नोंदवलेला, मालक नोंदवलेला, मजुरी मंडळातून, भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार मंडळातून. म्हणजे मुकादमाशिवाय टोळी चालते, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय. फडातली मोळीही डोक्यावरच वाहिली जाते. पण ती बाजारात नाही, शेतात आहे.

गेल्या काही वर्षांत गोपीनाथ मुंडेंच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलं. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली, जालना जिल्हाही त्यात आहे. चांगलंच आहे. पोरं गावात राहिली तर शिकतील. फक्त एक नोंदवतो, की ही वसतिगृहं मजूर जिथून निघतो तिथली आहेत. तो जिथे सहा महिने झोपतो, म्हणजे झोपायचा प्रयत्न करतो, तिथलं घर अजून बांबूचंच आहे.

काही ठिकाणी तोडणी यंत्रं आली आहेत. यंत्राला दिवे असतात, ते रात्रभर चालतं. त्यावरचे चालक पाळीने बदलतात. मुकादमांना विचारलं, यंत्र आलं तर तुमचं कसं. म्हणाले, "बारक्या वावरात वळत नाही ते. अजून पाच-दहा वर्षं कोयता हाय." मग त्यांनी खिशातून वही काढली. टोळीतल्या प्रत्येक जोडप्यापुढे उचल, मग टन, मग खाडे, आणि शेवटी बाकी. यंदा नऊ जोडप्यांची बाकी फिटली नव्हती, ती पुढच्या हंगामात. त्यांची स्वतःचीही ठेकेदाराकडे बाकी होती. वहीत रात्रीच्या गाड्यांची कुठे नोंद असते का, असं मी विचारलं. त्यांनी पानं उलटून बघितली आणि म्हणाले, "नाही बा. कशाला लिहायची?"